चौथा रोटर

"नव्यात रोटरच नाही," मेकॅनिक नजीरचाचा म्हणाले, आणि छायाच्या हातातल्या ट्रेमध्ये कपबशा वाजल्या.

शेडमध्ये स्टुलावर वर्तमानपत्र पसरून चाचांनी प्लगांना ठिणगी वाटणारे दोन डिस्ट्रिब्युटर मांडले होते. एक जुन्या पद्धतीचा, पॉइंटवाला, त्यांनी स्वतः खोलून नीट केलेला, आत कोरा रोटर घातलेला. दुसरा नवाकोरा, सेन्सरवाला, दर प्लगला वेगळी कॉइल असलेला. मागे छायाच्या नवऱ्याची, हर्षलची, अडुसष्ट सालची फियाट बॉनेट उघडून उभी होती.

"माझं ऐकशील तर नवा घे," चाचा म्हणाले. "इंजिन तू बोअर करून मोठं केलंस, कॅम बदललास, वर दोन-दोन कार्बोरेटर बसवलेस. इंजिन एवढं जोरात फिरलं की जुन्याचे पॉइंट थरथरायला लागतात. ऐन चढावर ठिणगी चुकेल."

हर्षलने जुना उचलला, ठेवला, नवा उचलला, परत जुना उचलला.

छायाने ट्रे खाली ठेवला.

रोटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली फिरणारा अंगठ्याएवढा तुकडा. तो काढून घेतला की गाडी जागची हलत नाही. जुने ड्रायव्हर चोराच्या भीतीने तो खिशात घालून घरी न्यायचे. ही गोष्ट चाचांनीच दसऱ्याला, गाडीची पूजा चालू असताना हसत हसत सांगितली होती. छायाने हळद वाहता वाहता ऐकली आणि विसरली होती.

दिवाळी झाल्यावर तिला ती आठवली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या गाड्यांचा ग्रुप हरसूलकडच्या घाटात जायचा, कोण आधी वर पोचतो ते बघायला. दिवाळीनंतरच्या रविवारी हर्षलच्या मित्राची, अमोलची, जीप वळणावरून खाली दरीत गेली. हर्षल त्याच्या मागेच होता. अमोलला बाहेर काढायला तासभर लागला, आणि तोवर काही उरलं नव्हतं. तेव्हापासून अमोलचं नाव निघालं की हर्षल जेवणावरून उठून जायचा. घाटाचं नाव मात्र सोडत नव्हता.

"अहो, नका ना जाऊ," एवढंच ती म्हणू शकली होती.

"सगळे जातात. मी नाही गेलो तर काय म्हणतील?"

भांडण तिच्या स्वभावात नव्हतं. लग्न झाल्यापासून तिचं एक व्रत होतं. उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन. त्या मौनातच तिने तीन वेळा चोरी केली होती. अंघोळ करून ओल्या केसांनी शेडमध्ये जायचं, टोपणाच्या दोन क्लिपा सोडायच्या, रोटर काढायचा आणि देवघरात कलशाच्या मागे लाल फडक्याखाली ठेवायचा. वर हळदकुंकू वाहून देवीची क्षमा मागायची. शेडची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीलाच असायची. हर्षल तसा वेंधळाच; साफ करायला काढून आपणच कुठेतरी ठेवला असेल असं त्याला वाटेल, हा तिचा हिशोब.

साडेपाचला तो उठायचा आणि आतूनच विचारायचा, "छाया, रोटर दिसला का गं?" ती मौनात असायची. खोटं बोलावं लागायचं नाही. पूजा आटपेपर्यंत ग्रुप पुढे निघून गेलेला असायचा, आणि मग तो पुन्हा विचारायचा नाही. देवीच सांभाळून घेते, असं तिला वाटायचं.

"तीन रोटर हरवलेस तू," चाचा चहा फुंकत म्हणाले. "मांजर पाळलंय की काय लोखंड खाणारं?"

हर्षल जरा जास्तच मोठ्याने हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ग्रुपमधल्या कुणीतरी आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप पाठवला होता. "हर्षलशेठ, उद्या काय हरवणार? स्टेअरिंग? का वहिनी सोडत नाही?" मागून चार जण खिदळले. हर्षलचे कान लाल झाले.

"येतोय म्हणावं," तो फोनमध्ये म्हणाला. "सहाला."

छायाने पदर मुठीत धरला. नवा बसला तर काढण्यासारखं काही उरणार नव्हतं.

"मग, कुठला बसवू?" चाचांनी विचारलं.

"जुना."

"अरे वेड्या, एवढं समजावलं—"

"गाडी जुनी, तर वस्तू जुनीच शोभते चाचा."

"तुझी मर्जी. मग एक जादा रोटर तरी ठेव गाडीत. हा घे."

"नको. एकच पुरे."

चाचा मान हलवत कामाला लागले. छायाने मनातल्या मनात देवीला हात जोडले.

रविवारी पहाटे ती पावणेपाचला उठली. शेडचं दार उघडताना कडी वाजली, तशी ती श्वास धरून उभी राहिली. घरात हालचाल नव्हती. तिने बॉनेट वर केलं, चाचपडत क्लिपा सोडल्या, टोपण बाजूला केलं.

आत रोटर नव्हता.

तिने मोबाइलचा उजेड पाडला. टोपणात बघितलं, खाली फरशीवर बघितलं. कुठेच नाही. म्हणजे हर्षलला कळलं होतं. त्याने रात्रीच रोटर काढून आपल्या खिशात ठेवला असणार. आता सहाला तो लावणार आणि निघणार. चढ, ती वळणं, ऐन वेळी ठिणगी चुकवणारे पॉइंट. तिला अमोलची आई आठवली, दवाखान्याच्या पायरीवर त्याची एकच चप्पल मांडीवर घेऊन बसलेली.

मौन मोडावं, आत जाऊन त्याचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. पण आधी देवीला सांगायला हवं होतं. ती देवघरात आली. समई लावताना तीन काड्या विझल्या. चौथी पेटली. ज्यांच्यावर एवढे दिवस विसंबली, त्या तुकड्यांना एकदा हात लावावा म्हणून तिने कलशामागचं लाल फडकं उचललं.

खाली चार रोटर होते. चौथा कोरा करकरीत होता, आणि त्यावर कुणीतरी जाड बोटाने, वेडंवाकडं कुंकू लावलं होतं.

"छाया," आतून हर्षलचा आवाज आला, "रोटर दिसला का गं?"