झोक्यावरचा डबा

आखाजीच्या सकाळी कमलबाई निंबाला झोका बांधू लागली, तशी शेजारची ताईबाई हसली. "पोर ते उनी नही, मंग झोका कोनकरता वो?"

कमलबाईने दोराची गाठ तेवढी ओढून पाहिली. गल्लीतल्या सगळ्या लेकी अक्षय्य तृतीयेच्या या सणाला, झोके खेळायला माहेरी आल्या होत्या. कमलबाईच्या लेकीचं, ऋतिकाचं येणंही कालपर्यंत पक्कं होतं.

ऋतिका परदेशात, जमिनीखाली खोल खोदलेल्या बोगद्यात, डोळ्यांना न दिसणारे कण टिपणारं यंत्र उभारायच्या कामावर होती. तसलाच एक साबणाच्या वडीएवढा डबा तिने मागच्या खेपेला घरी करून ठेवला होता. आभाळातून बारीक कण येतात, छपरातून, आपल्या अंगातून आरपार जातात. त्यातला एखादा डब्यातून गेला की टक् वाजतं, असं तिने समजावलं होतं. कमलबाईने त्यातला 'आरपार' तेवढा धरून ठेवला. आपल्यातून आरपार गेलेलं पुढे जमिनीखालीच जाणार, आणि लेक तर जमिनीखालीच! तेव्हापासून भाकरी थापताना डबा शेजारी असायचा. वाजला की ती पुटपुटायची, "जाय, तिले सांग."

दुपारी फोनवर ऋतिका दिसली. डोक्यावर हेल्मेट, मागे तारांचं जंजाळ. यंत्राचा नवा थर बसवायचं काम लांबलं आणि सुट्टी हुकली, हे कालच सांगून झालं होतं. तेवढ्यात डबा वाजला.

"हाऊ देख, आते गया. तठे उना का?"

इथून गेलेला कण तिकडे पोचला का, असं माय विचारतेय हे ऋतिकाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हेल्मेटचा पट्टा उगाच चाचपत राहिली. हो म्हणून टाकणं सोपं होतं, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नही माय. तो जमीनमाच जिरी जास. आठे पोचस नही."

कमलबाई डब्याकडे बघत राहिली. आपण वेड्यात निघालो याचं तिला काही वाटलं नाही. एवढे निरोप वाटेतच जिरले, याचं मात्र वाटलं.

"मंग तठे तुनाकडे कोन येस वो?"

ऋतिका काहीतरी बोलणार होती, पण मागून कोणीतरी तिला हाक मारली. फोन बंद झाला.

उन्हं कलल्यावर कमलबाई डबा घेऊन अंगणात आली आणि स्वतःच झोक्यावर बसली. ताईबाई पुन्हा हसणार होती, पण हसली नाही.

डबा मांडीवर वाजला. सवयीने ओठांवर आलेलं 'जाय' कमलबाईने गिळलं आणि डब्यावर तळहात ठेवला.

"थांब जरासा," ती म्हणाली.

हाताखाली डबा पुन्हा टक् वाजला.