हातातला स्क्रू

फोरमनचा उजवा हात अलीकडे थरथरायला लागला होता. कळलं तर मशीनवरून उठवून गेटवर बसवतील म्हणून तो हात खिशात ठेवायचा, किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून. आज इंजिनिअर पोरगी माल वाहणाऱ्या पट्ट्यावरचा नवा कृष्णधवल कॅमेरा तपासत होती. "काका, हा स्क्रू धरा ना लेन्ससमोर." त्याने किल्ल्या सोडून हात खिशातून काढला. जुन्या कॅमेऱ्यात हलती वस्तू धूसर दिसायची. आता बिंग फुटणार. श्वास रोखून त्याने स्क्रू धरला. पडद्यावर स्क्रूचा एकेक आटा स्पष्ट उमटला, बोटंही दगडासारखी स्थिर. जीव भांड्यात पडला. "पळती वस्तूसुद्धा थांबल्यासारखी टिपतो हा," म्हणत तिने लागोपाठचे फोटो ओळीने लावले. प्रत्येकात स्क्रू वेगळ्याच जागी होता. "पट्ट्याचा हादरा असेल," तो घाईने म्हणाला. "पट्टा बंद आहे, काका." त्याने हात खिशात घातला. किल्ल्या वाजू लागल्या.