पाव्हण्यांचं पाणी

शोभाबाईंनी डाव्या हाताने पदर तोंडावर धरला आणि उजव्या हाताने पाण्याचा ग्लास हर्षापुढे केला.

हर्षाला घेऊन मुलीकडची मंडळी घर पाहायला आली होती. त्यांच्या मुलासाठी, निकेशसाठी, हे पाचवं स्थळ. आधीची चार ‘विचार करून कळवतो’ म्हणून गेली, ती अजून विचारच करताहेत. गावच्या बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्याने दात तपकिरी होतात, पुढे गुडघे धरतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. म्हणून दर पाहुण्यांच्या दिवशी शोभाबाई पहाटेच उठून दोन किलोमीटरवरच्या कैलासच्या शेतातल्या चांगल्या पाण्याच्या विहिरीवरून डोक्यावर पितळी गुंड भरून आणायच्या. आजही आणला होता. मान अजून ठणकत होती.

हर्षाने ग्लास तोंडाला लावला नाही. पर्समधून मोबाइलएवढं यंत्र काढलं, इवल्याशा बाटलीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले.

“मनावर नका घेऊ, ताई,” तिचे वडील सदाशिवराव ओशाळून म्हणाले. “पाणी तपासाचीच नोकरी आहे तिची वर्ध्याले. जाते तिथं हेच करते.”

दोन मिनिटांनी हिरवा दिवा लागला. “चांगलं आहे,” म्हणत हर्षाने ग्लास एका दमात रिकामा केला.

“लोक उगाच बदनाम करून राह्यले तुमच्या गावाले,” सदाशिवराव म्हणाले.

निकेशचा चेहरा खुलला. किती दिवसांनी खुलला. आता शोभाबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्याची तर त्यांना सवयच होती.

“मावशी, अजून अर्धा ग्लास द्या न. गोड आहे.”

शोभाबाई आत गेल्या. गुंडात पाणी होतं. उद्या नसणार होतं. उद्या ही पोर कोपऱ्यातल्या माठातलं बोअरचंच पिणार, तिची लेकरंही तेच पिणार. शोभाबाईंना फार थकल्यासारखं झालं. त्यांनी ग्लास माठात बुडवला.

“हे पिऊ नको,” बाहेर येऊन त्या म्हणाल्या. “निस्तं तपास. ते पाव्हण्यायचं होतं. हे आमचं आहे.”

निकेशने मान खाली घातली. हर्षाने त्यातही थेंब टाकले. “दोन मिनिटं लागतात, मावशी.”

“कायले वाट पाहून राह्यली, माय? इकडं पाह्य.”

शोभाबाईंनी पदर सोडला आणि सकाळपासून पहिल्यांदाच तोंडभर हसल्या.