निगडेबाईंचे हट्टी जंतू

ताप उतरावा म्हणून धाकट्या दिराने आजारी भावाला गुपचूप अँटिबायोटिक चारल्याचं कळताच मालतीने नवऱ्याच्या अंगात उपचारासाठी जंतू सोडणाऱ्या, रसायनशास्त्राच्या निगडेबाईंना वॉर्डात बोलावून घेतलं.

"बाई, तुमचे जंतू मेले असतील हो! आता ह्यांचा कॅन्सर कोण खाणार?"

"वहिनी, मला वाटलं ताप म्हणजे आजार," दीर पुटपुटला.

"ताप म्हणजे जंतू कामावर हजर!" मालती कडाडली.

निगडेबाईंनी पेशंटला थर्मामीटर लावलं. एकशे दोन. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला.

"या जंतूंनाच मारायला तीस वर्षं औषधं शोधली मी. एकाही औषधाला दाद दिली नाही त्यांनी, म्हणून तर शेवटी नोकरीवर ठेवले. तुमच्या दोन गोळ्यांना काय भीक घालणार?"

मालतीने बाईंना वाकून नमस्कार केला आणि मग पदर खोचून निवांतपणे दिराकडे वळली.