भिंतीवरची रेघ

निवेदिताने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. फोटो काढण्यासारखं खोलीत काही उरलंच नव्हतं. भिंतींना ताजा चुना, फरशी घासून पुसून कोरडी, दारात रांगोळी. सीना नदीचा पूर इथे तीन दिवस मुक्काम करून गेला, हे शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं.

खोली होती कडक भाकरी करणाऱ्या बायकांच्या गटाची, मंद्रूपजवळच्या एका नदीकाठच्या गावात. निवेदिता सोलापूरच्या एका संस्थेत होती. अशा लहान गटांना संकटाआधी तयार करायचं आणि संकटानंतर उभं करायचं, हे तिचं काम. नवी गिरणी आणि ज्वारी मिळवून देणारा अर्ज तिच्या पिशवीत होता. अट एकच होती. नुकसान दिसेल असे फोटो हवेत. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

"पाणी कुठवर आलं होतं, दानम्माक्का?"

गटाच्या अध्यक्षा दानम्मा यांनी छातीला हात लावला. "हितवर. भितीवर काळी रेघ उठली व्हती की. खरवडली आन् चुना मारला. कागदं मातर तुमी शिकवल्यागत पिशवीत बांधून आढ्याला टांगली व्हती. एक बी भिजलं न्हाय."

"आणि ज्वारी?"

"लई वास मारत व्हती. लांब नेऊन पुरली."

"निदान गिरणी?"

दानम्मांनी कौतुकाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. गिरणी हिरव्यागार रंगात उभी होती, लग्नात द्यायच्या कपाटासारखी. आतली मोटार जळाली होती, पण ते फोटोत कसं दिसणार?

"मोबाइलवर तरी कुणी फोटो काढला असेल ना?"

"असल्या घानीचा फोटू कोन काढतंय, मॅडम?" मागून गटातली शिवबाई म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या.

निवेदिताला हसू येईना. गिरणी मिळाली नाही तर या अकराजणी दिवाळीनंतर माळशिरसकडे ऊस तोडायला जाणार होत्या. शिवबाईनेच फोनवर रडत सांगितलं होतं. आणि आज तीच हसत होती. निवेदिताचा पारा चढला.

"एवढी कसली घाई होती तुम्हाला? सोमवारी येते म्हणून मी फोन केला होता ना!"

हसणं थांबलं. दानम्मांनी पदर सारखा केला.

"व्हय की. तुमी येनार म्हनूनच तर केलं. चार दिस कुनी खराटा खाली ठिवला न्हाय. मागल्या बारीला तुमी सगळ्यांम्होरं बोलला व्हता, जागा किती घान ठिवलीया, पुढच्या येळंला लख्ख दिसली पायजे म्हनून. लई लाज वाटली बगा तवा."

निवेदिताला जूनमधला तो प्रशिक्षणाचा दिवस आठवला. दारातलं पीठ आणि कोपऱ्यातली जळमटं पाहून ती चांगली अर्धा तास बोलली होती. बोलायला सुचतही गेलं होतं. मग बार्शीच्या कार्यक्रमाला उशीर व्हायला लागला आणि प्रशिक्षणाच्या कागदांतलं शेवटचं पान शिकवायचं राहून गेलं. पुढच्या वेळी बघू, असं म्हणून ती गाडीत बसली होती. सोमवारी येते म्हणून फोन केला, तेव्हाही ते पान तिला आठवलं नव्हतं.

तिने पिशवीतून अर्ज काढला. त्याच्याखाली ते पान होतं, जूनपासून घडी न मोडलेलं. 'पूर ओसरल्यावर' असा मथळा आणि खाली पहिलीच ओळ: साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढा.

या बायकांनी तिचा शब्द न् शब्द पाळला होता. हाही पाळला असता. तिला स्वतःची इतकी शरम वाटली, की मान वर होईना.

समोर बांगड्यांचा आवाज झाला. अकराजणी ठेवणीतली लुगडी सावरत चुन्याच्या भिंतीला ओळीने उभ्या राहिल्या होत्या.

"काढा की आता फोटू," दानम्मा भीत भीत म्हणाल्या. "आता तरी जागा बरी दिसतीया न्हवं, मॅडम?"