खांद्यावर उघडणारा स्वेटर

हेमांगी दातारने पुस्तकासाठी दिलेला स्वेटरचा नमुना पडताळणी यंत्राने परत पाठवला. जगात आजवर कुणीही विणलेली किंवा नुसती कागदावर मांडलेली प्रत्येक वीण त्या यंत्राला ठाऊक होती, आणि एकदा होऊन गेलेला नमुना दुसऱ्याच्या नावाने छापता येत नसे.

“अगदी हाच नमुना नुकताच बेळगावहून आलाय,” संपादक म्हणाले. “मृदुला शिनोळकर. ओळखता?”

“धाकटी बहीण माझी.”

“मग कुणी कुणाचा उचललाय?”

हेमांगी घरी आली. आई गेल्यापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. तरीही तिने फोन लावला.

“खांद्यावर बटणं का घेतलीस गं?” तिने थेट विचारलं.

“शेवटी आईचा हात वर जायचा नाही,” मृदुला म्हणाली. “ डोक्यातून स्वेटर घालताना कळवळायची. तू का घेतलीस?”

“त्याचसाठी.”

आईचं जास्त कुणी केलं, यावरूनच त्यांचं बिनसलं होतं.

“माझा नमुना मागे घेते, ताई,” मृदुला म्हणाली.

“नको. दोघींचा म्हणून देऊ.”

“यंत्र एकच नाव घेतं.”

“मग आईचं देऊया.”

“आईचं? तिला जन्मात कधी साधी सुई धरता आली नाही!” मृदुला रडता रडता हसली.

पुस्तक निघालं, तेव्हा तो स्वेटर इंदुमती पेंढारकर यांच्या नावावर होता.