एका अर्थाला एक टोल

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत नियम होता: शब्द पूर्ण झाला की दारातली पितळी घंटा वाजवायची, एका अर्थाला एक टोल. ‘झेड’ अक्षर सांभाळणारे भाऊ ‘झेब्रा’ संपवून टण्ण करत आणि मिशीला पीळ देत जागेवर येत. ताईंच्या वाट्याला बावीस वर्षांपूर्वी ‘रन’ हे क्रियापद आलं होतं. त्यात नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, कारखाना चालतो, उमेदवार चक्क उभा राहतो आणि सवड मिळाली तर माणूस धावतोही. मूळ शोधायला गेल्या, तर एकाच्या जागी दोन जुनी क्रियापदं निघाली; त्यांची वाटणी करण्यात सहा वर्षं गेली. घंटेला ताईंचा हात कधी लागलाच नाही.

आज ताई निवृत्त होणार होत्या.

“राहू द्या हो ताई,” भाऊ म्हणाले. “उरलंसुरलं मी उरकतो एका दुपारी.”

पाचला सात मिनिटं कमी असताना ताईंनी शेवटचं कार्ड खोक्यात सरकवलं, चष्मा पुसला आणि जाऊन घंटेची दोरी धरली. सगळी कचेरी टाळ्या वाजवत उठली.

चाळिसाव्या टोलाला टाळ्या थांबल्या. नव्वदाव्याला लोक खाली बसले. भाऊ कानांवर हात ठेवून धावत आले.

“ताई, कळलं हो सगळ्यांना! अजून किती?”

“एकूण सहाशे बारा,” दोरी न सोडता ताई म्हणाल्या. “बरं झालं आलात. तुम्ही मोजा, भाऊ. चुकलात, तर पुन्हा पहिल्यापासून.”